सोयाबीनच्या चार तासांमागे तुरीचे दोन: नागपूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतात जोडपिकं कशी बसवावीत

तिफणीच्या चाड्यात (बी सोडायच्या वाडग्यात) सोयाबीनसोबत मूठभर तूर मिसळून दिली तरी दोन्ही उगवतं. पेरायला सोपं, सुरुवातीला दिसतंही भरगच्च. गोंधळ पहिल्या डवरणीला (कोळपणीला) कळतो आणि ऑक्टोबरात अंगावर येतो. तूर कुठे आहे हे डवऱ्याला दिसत नाही, निंदणाऱ्या बायांना सोयाबीनच्या गर्दीतून तुरीचं एकेक झाड वाचवावं लागतं आणि सोयाबीन कापताना बरीच तूर विळ्याखाली जाते. म्हणून बी मिसळू नका, तास (पेरणीच्या ओळी) वाटून द्या. बी मिसळून पेरलं तर ते मिश्र पीक, ठरलेल्या प्रमाणात तास सोडले तर ते आंतरपीक. बोलताना आपण दोन्हीला मिश्र पीकच म्हणतो, पण हाती येणाऱ्या मालात फरक पडतो.

जोडी निवडताना एकच हिशेब पाहायचा: कोणाची घाई कधी. सोयाबीन ९० ते १०० दिवसांत उरकतं. त्याला पाणी आणि ऊन लागतं ते जुलै-ऑगस्टमध्ये. तूर पहिले दीड-दोन महिने नुसती उभी असल्यासारखी वाटते, कारण तेव्हा ती खाली सोटमूळ सोडत असते. तिची खरी वाढ सोयाबीन निघाल्यावर होते आणि तिला ओल हवी असते ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तीही खोलवरची. एक वरच्या थरात खातं, दुसरी खालच्या. एक पावसाळ्यात, दुसरी पावसाळा सरल्यावर. याउलट सोयाबीन आणि दाट लावलेली पऱ्हाटी (कापूस) दोन्ही ऑगस्टातच भुकेली असतात. तिथे जोडी जमत नाही, भांडण लागतं.

जमीन आधी, वाण नंतर

नागपूर जिल्ह्यात सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. काटोल-नरखेडकडे त्याहून कमी, पूर्वेला मौदा-कुही-भिवापूरकडे जास्त. पण तुरीच्या बाबतीत पावसाच्या आकड्यापेक्षा जमिनीची खोली मोठी. टिकाव घेऊन शेतात तीन ठिकाणी खणून पाहा. दीड फुटाच्या आत मुरूम लागला तर ती बरड जमीन. तिथे १७०-१८० दिवसांची तूर नोव्हेंबरात शेंगा भरताना कोरडी पडते. अशा ठिकाणी बीडीएन-७११ सारखा १५० ते १५५ दिवसांचा वाण घ्यावा. तीन फुटांपर्यंत काळी माती असेल तर पीकेव्ही तारा, बीएसएमआर-७३६ किंवा आशा चालतात.

सोयाबीनचा वाण लवकर येणारा आणि उभा वाढणारा हवा, म्हणजे जेएस ९३-०५ सारखा. फुले संगमसारखा शंभरीच्या पुढे जाणारा, जोमाने पसरणारा वाण एकटा उत्तम आहे, पण तुरीशेजारी तिचं तोंड दाबतो.

पाणी साचणाऱ्या शेतात तूर लावूच नका, हे इथे जरा जोर देऊनच सांगावं लागेल. चिबड जमिनीत ऑगस्टच्या झडीत तूर बुडापाशी काळी पडून मरते. लोक त्याला मर रोग समजून औषध ओततात आणि खरं कारण तुंबलेल्या पाण्यात असतं. मौदा-रामटेककडे धानाच्या बांध्यांत (खाचरांत) तूर घालायची सोय नाही, पण धुऱ्यावर (बांधावर) आहे. धुऱ्याच्या उंच मातीत एक ओळ तूर डोबली (टोकली) की घरची डाळ सुटते.

किती तासांमागे किती

दोन तासांतलं अंतर ४५ सें.मी. धरून चालू. ४:२ म्हणजे सोयाबीनचे चार आणि तुरीचे दोन असा सहा तासांचा पट्टा, २.७ मीटर रुंद. एका एकरात असा पट्टा सुमारे १५०० मीटर लांब होतो. म्हणजे तुरीचे ३००० मीटर तास आणि सोयाबीनचे ६००० मीटर. तुरीत दोन झाडांत २० सें.मी. ठेवले तर एकरी १५,००० झाडं बसतात. १०० दाण्यांचं वजन १० ग्रॅमच्या आसपास धरलं तर बी दीड किलो. उगवण, पाखरं, नांग्या (न उगवलेल्या जागा) हे सगळं धरून अडीच किलो घ्या. सोयाबीनचं सलग पेरणीचं बियाणं एकरी ३० किलो, त्याचे सहापैकी चार हिस्से म्हणजे २० किलो.

नेहमीची चूक इथेच होते. सोयाबीनची ३० किलोची बॅग पुरती एका एकरात संपवायची आणि वर तूर घालायची, म्हणजे तास कमी करून त्याच तासांत दीडपट बी कोंबायचं. झाडं उंच वाढतात, फांद्या धरत नाहीत आणि सप्टेंबरच्या वाऱ्यात लोळतात. लोळतात ती तुरीच्या अंगावर.

भारी काळ्या जमिनीत तूर खूप पसरते. तिथे ६:२ घ्या: सोयाबीन साडेबावीस किलो, तूर दोन किलो. मध्यम जमिनीत ४:२ बरं.

तासांची दिशा उताराला आडवी. ऊन दोन्ही बाजूंनी मिळावं म्हणून दक्षिणोत्तर तास चांगले खरे, पण उतार आणि ऊन यांत निवड करायची वेळ आली तर उताराचं ऐका.

पेरणी: तिफणीने

आधी तिफणीच्या फणांमधलं अंतर टेपने मोजा. पुष्कळ तिफणी १२ ते १५ इंचांच्या असतात. आपल्याला १८ इंच लागतात. एका फेरीचा शेवटचा तास आणि दुसऱ्या फेरीचा पहिला तास यांतलं अंतरही तेवढंच राहिलं पाहिजे, नाहीतर पुढे डवरा बसत नाही.

आता गंमत पाहा. तीन फणांपैकी हाकणाऱ्याच्या डाव्या हाताच्या फणाची चाड्यातली भोकं चिंधीने बंद करा आणि त्या फणामागे सरता (हाताने बी सोडायची नळी) बांधा. सरत्यातून तूर सोडायची, उरलेल्या दोन फणांतून सोयाबीन. जाताना तूर डावीकडे पडते, वळून येताना डावी बाजू उलट होते. दोन फेऱ्या मिळून तूर, चार सोयाबीन, तूर असा पट्टा पडतो. तिसऱ्या फेरीची तूर दुसऱ्या फेरीच्या तुरीला लागून येते. काहीही न मोजता ४:२ बसतं. शेताच्या कोणत्याही बाजूने सुरुवात केली तरी पट्टा तोच. अट एवढीच की फेऱ्या एकीला लागून एक व्हाव्यात, आणि सरता मध्येच उजवीकडे बांधायचा नाही.

सरत्यामागे चालणाऱ्या बाईचा हात सारखा असावा लागतो. साधारण वीतभर अंतरावर दोन दाणे. सुरुवातीच्या एका तासात माती उकरून दाणे मोजून घ्या, हाताला अंदाज आला की मग बैल हाका.

पेरणी: ट्रॅक्टरने

सहा फणांच्या यंत्रात दोन्ही कडेच्या फणांना तूर आणि मधल्या चारांना सोयाबीन दिलं की ४:२ होतं. एकाच कडेला तूर दिली तर येता-जाता १०:२ पडतं. पाच फणांच्या यंत्रात एका कडेला तूर म्हणजे ८:२. बियाण्याच्या पेटीत कडेच्या फणाजवळ टिनाचा किंवा प्लायवूडचा पडदा ठोकून घ्या, फटी चिंधीने बुजवा. फट राहिली तर यंत्राच्या हादऱ्याने सोयाबीन तुरीच्या कप्प्यात घुसतं आणि दुपारपर्यंत तुरीच्या तासात सोयाबीनच पडत राहतं. हे उगवल्यावरच दिसतं.

पेरणीआधी यंत्र मापून घ्या:

१. यंत्र जॅकवर उचला. ज्या चाकावर बी पडतं त्याचा घेर मोजा. समजा दीड मीटर आहे.
२. प्रत्येक सोयाबीन नळीखाली पिशवी बांधा आणि चाक २० वेळा फिरवा. म्हणजे ३० मीटर चाललो.
३. एका तासाने ३० मीटरमध्ये साडेतेरा चौरस मीटर व्यापले. एकरी ३० किलोच्या हिशेबाने प्रत्येक पिशवीत १०० ग्रॅमच्या आसपास बी पडलं पाहिजे.
४. एखाद्या पिशवीत ८५ आणि दुसरीत ११५ असेल तर ती नळी किंवा तिची फिरकी दुरुस्त करा. सरासरी बरोबर आली म्हणून सोडून देऊ नका.

इथे २० किलो न धरता ३० का धरले? तासातली दाटी सलग पिकाइतकीच ठेवायची आहे, कमी झाले आहेत ते फक्त तास. तुरीच्या नळीत मात्र यंत्र हटकून जास्त बी टाकतं. शक्य तितकं कमी करा आणि पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी विरळणी करून झाडांत २० सें.मी. ठेवा. विरळणी करायला जीव होत नाही, उगवलेलं उपटायचं कसं असं वाटतं. पण हाताएवढ्या जागेत चार तुरी ठेवल्या तर चारही काड्याच राहतात.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच. जमीन वीतभर ओली झाली की नाही हे हाताने पाहा. नागपुरात मृगाच्या एखाद्या जोरदार सरीनंतर आठ-दहा दिवसांची उघडीप नवी नाही, आणि सोयाबीनचं बी त्या उघडिपीत सडतं किंवा भाजतं. खोली ३ ते ४ सें.मी., त्याहून खोल गेलं तर सोयाबीनची मान मोडते. दोन्ही पिकं एकाच दिवशी पेरा. तूर दहा दिवस मागे राहिली तर ती पूर्ण हंगाम सोयाबीनच्या सावलीत काढते.

बियाणं आणि खत

घरचं सोयाबीन असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. ७० उगवले तर ३० किलोचा हिशेब बरोबर. ६० उगवले तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागा, म्हणजे ३५ किलो. पन्नासच्या खाली असेल तर ते बी बाजारात विका.

बीजप्रक्रियेचा क्रम चुकवू नका: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. कार्बोक्सिन आणि थायरमचं तयार मिश्रण किलोला ३ ग्रॅम. खोडमाशीचा त्रास असलेल्या शिवारात सोयाबीनला थायोमेथोक्झाम ३० एफएस किलोला १० मिलि. पेरणीच्या दिवशी रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी धरणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) प्रत्येकी २५० ग्रॅम, १० किलो बियाण्याला. सोयाबीनचं रायझोबियम वेगळं आणि तुरीचं वेगळं. एकाच पाकिटावर दोन्ही उरकलं तर एका पिकाच्या मुळांवर गाठी नीट धरत नाहीत. पाणी जेमतेम लागेल तेवढंच, सोयाबीनचं साल भिजून सुटतं. सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

खत एकरी साधारण असं: युरिया २६ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १५० किलो, पोटॅश २० किलो, सगळं पेरणीबरोबर. त्यातून १२ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १२ किलो पालाश जातं. सुपर फॉस्फेटमधून गंधक मिळतं, त्यामुळे डीएपी वापरणाऱ्यांनी गंधक वेगळं द्यावं. नंतर वरून युरिया नको. पिवळं पडलं म्हणून युरिया फेकण्याआधी एक झाड उपटून मुळावरच्या गाठी फोडून पाहा. आतून गुलाबी असतील तर नत्राची कमी नाही, बहुधा पाणी तुंबलंय.

तण

जोडपिकात सगळ्यात जास्त नुकसान तणनाशकाने होतं. नियम सोपा: डब्यावरच्या लेबलवर दोन्ही पिकांची नावं असतील तरच सरसकट फवारा. पेरणीनंतर आणि उगवणीआधी पेंडीमेथालिन ३८.७ टक्के, एकरी ७०० मिलि, जमिनीत ओल असताना मारलं तर सोयाबीन आणि तूर दोघांनाही चालतं. गवतवर्गीय तण फार झालं तर २०-२५ दिवसांनी क्विझालोफॉप ५ टक्के, एकरी ४०० मिलि. ते फक्त गवतावर जातं. पण तुमच्या पट्ट्यात ज्वारी असेल तर तीही गवतच आहे, तिला ते सोडणार नाही.

उलटही तितकंच खरं. ज्वारीतलं अ‍ॅट्राझिन सोयाबीन आणि तूर मारतं, आणि शेजारच्या वावरातून उडालेल्या २,४-डीच्या नुसत्या वाफेनेही पऱ्हाटीची पानं बेडकाच्या पायासारखी होतात. रुंद पानांचं तण मारणारं औषध तुरीलाही रुंद पानांचं झाडच समजतं.

याखेरीज डवरणी आहेच. पहिली १५-२० दिवसांनी, दुसरी ३०-३५ दिवसांनी. दुसऱ्या वेळी तुरीच्या दोन तासांच्या मधे डवऱ्याला दोरी गुंडाळून चाला. दोन्ही तासांना मातीची भर लागते आणि मधे सरी पडते. झडीचं पाणी त्या सरीतून निघून जातं आणि तुरीचं बूड कोरडं राहतं. सोयाबीन फुलावर आलं की डवरा थांबवा, मुळं तुटतात.

४५ ते ५० दिवसांनी तुरीचे शेंडे दोन इंच खुडा. फांद्या वाढतात. उशीर झाला आणि झाड कमरेच्या वर गेलं तर राहू द्या, मग खुडल्याने फुलोरा मागे पडतो.

किडी

जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनवर खोडमाशी आणि चक्रीभुंगा. चक्रीभुंग्याने देठावर दोन खापा मारल्या की वरचं पान सुकतं. सुरुवातीलाच ते देठ खापेच्या खालून तोडून बांधाबाहेर न्या. फवारायची वेळ आली तर क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के, एकरी ६० मिलि. हेच औषध तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवरही चालतं आणि नेमका तिथेच धोका आहे. ऑगस्टात सोयाबीनवर वापरलं असेल तर नोव्हेंबरात तुरीवर दुसऱ्या गटातलं घ्या, नाहीतर अळी त्याला सरावते. तुरीला फुलोऱ्यात आधी ५ टक्के निंबोळी अर्क आणि पंधरा दिवसांनी अळी दिसली तर इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, १० लिटर पाण्याला साडेचार ग्रॅमच्या आत.

तूर तोवर डोक्याच्या वर गेलेली असते. नळी वर धरून फवारलं की औषध तोंडावर येतं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं दगावली, तेव्हाही पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढल्याचं एक कारण सांगितलं गेलं. सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या पट्ट्यातून, वारा पाठीवर घेऊन, तोंड-डोळे झाकून फवारा. दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका.

काढणी

हाताने कापणार की हार्वेस्टरने, हे जूनमध्येच ठरवावं लागतं, कारण ४:२ मध्ये हार्वेस्टर शिरत नाही. १२ फुटी कटर म्हणजे ३.६६ मीटर. १०:२ मध्ये तुरीच्या दोन जोड्यांमधे ४.९५ मीटर मोकळे असतात. त्यातून दोन्ही बाजूंच्या तुरीच्या फांद्यांचे अर्धा-अर्धा मीटर गेले की चार मीटर उरतात. १२ फुटी मशीन जेमतेम जाते, १४ फुटी नाही. शेताच्या दोन्ही टोकांना मशीन वळायला पुरेशी जागा नुसत्या सोयाबीनची ठेवा, तिथे तूर नको.

९० ते ९५ टक्के शेंगा तपकिरी झाल्या की कापा. कापलेल्या सोयाबीनची गंजी तुरीच्या तासावर टेकवून लावू नका. दोन दिवस पाऊस लागला तर खालची तूर मोडते आणि गंजी तापते ती वेगळीच. पुढच्या वर्षीचं बी ठेवायचं असेल तर मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च्या वर जाऊ देऊ नका.

सोयाबीन निघाल्यावर आठवड्याच्या आत मोकळ्या पट्ट्यात वखर फिरवा. आपली काळी माती ऑक्टोबरच्या उन्हात भेगाळते, आणि त्या भेगांतून जी ओल उडते ती तुरीची असते. विहिरीला पाणी असेल तर एक पाणी फुलं लागण्याच्या आधी आणि एक शेंगा भरताना. ऐन बहरात भरपूर पाणी दिलं तर फूल गळतं आणि झाड नव्या पालवीला लागतं.

मोकळ्या पट्ट्यात हरभरा पेरण्याचा मोह होतो. ४:२ मध्ये तो टाळावा हे बरं. सावली असते, आणि तुरीवरची हिरवी अळी खाली उतरून हरभऱ्यावर बसते. १०:२ मध्ये तुषारसंच असेल तर विचार करता येतो.

याच काळात शिवार मोकळं होतं आणि ढोरं सुटतात. गावात सगळ्यांचं सोयाबीन निघालेलं असतं आणि तुमची तूर एकटी उभी. कुंपणाचा खर्च आधीच हिशेबात धरा. ८० टक्के शेंगा वाळल्या की तूर कापा, सकाळी दव असताना, म्हणजे शेंगा तडकत नाहीत.

पऱ्हाटीत काय चालतं

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची कापूस, ज्वारी, तूर, ज्वारी ही ६:१:२:१ ची शिफारस जुनी आहे आणि तिच्यात शहाणपण आहे. ज्वारीची ओळ पऱ्हाटी आणि तूर यांच्यात आड उभी राहते, तिच्या कणसांवर पक्षी बसतात आणि खाली उतरून अळ्या टिपतात. ज्वारीच्या सोबतीने तुरीवरचा मर रोगही कमी येतो. पण जंगलाला लागून असलेल्या शिवारात, पारशिवनी, रामटेक, उमरेड, भिवापूरकडे, ज्वारी म्हणजे रानडुकरांना आवतण. तिथे ज्वारी सोडा आणि पऱ्हाटीच्या सहा-आठ तासांमागे तुरीचे दोन ठेवा.

पऱ्हाटीत एकाआड एक तास मूग किंवा उडीद घ्यायची पद्धत चांगली आहे, साठ-पासष्ट दिवसांत तो निघतो. नागपूरकडे एक खोट मात्र आहे: मूग तोडणीला येतो तो ऑगस्टच्या अखेरीस, आणि तेव्हा झड लागली तर शेंगेतच मोड येतात. अजून एक. फुलीवर (दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर) डोबलेल्या पऱ्हाटीत उभी आणि आडवी दोन्ही डवरणी करता येते. मधे मूग आला की आडवी बंद. निंदणाचा तो खर्च मुगाच्या पैशातून वजा करून मगच नफा मोजा.

तूर जानेवारीपर्यंत उभी असते म्हणून पऱ्हाटीही राहू देतात. ते नको. गुलाबी बोंडअळी तुरीवर जगत नाही, पण उभ्या पऱ्हाटीवर पुढच्या हंगामापर्यंत टिकते. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा, तूर राहू द्या.

रब्बीत

हरभऱ्यात जवस ४:२ किंवा करडई ६:३. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर बरंच काम झालं आहे, एनएल-९७ आणि पीकेव्ही एनएल-२६० हे वाण तिथले. ३० सें.मी. तासांवर ४:२ साठी हरभरा एकरी २० किलो, जवस साडेतीन किलो.

इथे अडतं ते खोलीवर. हरभरा ओलीत ५ ते ७ सें.मी. खोल लागतो आणि जवसाचं बारीक बी ३ सें.मी.च्या खाली गेलं की वर येत नाही. एकाच यंत्राने पेरायचं असेल तर जवसाचे फण दोन बोटं वर कसून घ्या. फण हलत नसतील तर आधी हरभरा पेरा आणि जवस त्याच दिवशी हाताने ओढलेल्या उथळ काकरात टाका. जवस तीनपट वाळूत मिसळलं की हातातून भसकन सुटत नाही. करडई कडेने दोन-तीन तास लावली तर तिच्या काट्यांमुळे रोही (नीलगाई) आत शिरायला कचरतात, मात्र ती काटेरी झाल्यावर. तोवर राखण आलीच.

फायदा झाला का, हे कसं मोजायचं

त्याच शेतात दहा-दहा गुंठे नुसतं सोयाबीन आणि नुसती तूर ठेवा. समजा एकरी हिशेबाने नुसतं सोयाबीन ८ क्विंटल आणि नुसती तूर ६ क्विंटल आली. जोडपिकात सोयाबीन ६ आणि तूर साडेतीन आली. ६ भागिले ८ म्हणजे ०.७५, साडेतीन भागिले ६ म्हणजे ०.५८. बेरीज १.३३. एका एकरात तुम्ही सव्वा एकराहून जास्त पिकवलं. बेरीज एकच्या खाली आली तर तास, वाण किंवा तारीख यांपैकी काहीतरी चुकलंय, आणि बहुतेक वेळा सोयाबीनची दाटीच असते.

सातबाऱ्यावर नोंद

ई-पीक पाहणीत पीक भरताना निर्भेळ पीक न निवडता मिश्र पीक निवडा आणि दोन्ही पिकांचं क्षेत्र वेगळं टाका. नुसतं सोयाबीन चढवलं तर जानेवारीत तूर हमीभावाच्या केंद्रावर नेताना अडते, कारण तिथे तुरीची नोंद असलेला सातबारा मागतात. विमा काढलेलं पीक आणि नोंदलेलं पीक यांतही मेळ असू द्या. एका एकराचे ४० आर धरले तर ४:२ मध्ये सोयाबीन २७ आर आणि तूर १३ आर. फोटो काढताना दोन्ही पिकं एका चौकटीत येतील असे उभे राहा: तुरीच्या तासाच्या तोंडाशी, सोयाबीन उजवीकडे.